टाइप तपासणीत पास झालेला प्रोग्रॅम तरीही अडकतो. मग चॅनलचे टाइप नेमकी कशाची हमी देतात?

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांना नमस्कार. मी नांदेड येथे एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकत असून, मोंढ्यात येणाऱ्या मालाची नोंद आणि वजन यांची नक्कल करणारा एक लहान प्रोग्रॅम मी प्रकल्पासाठी गो भाषेत लिहिला आहे. त्यात मुख्यतः दोन गोरुटीन, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्रॅमचे भाग आहेत, आणि ते चॅनल या निरोपांच्या मार्गावरून एकमेकांशी बोलतात. ‘काटा’ हे गोरुटीन ‘पावती’ या चॅनलवर पावतीक्रमांक येण्याची वाट पाहते आणि तो आल्यावर ‘वजन’ या चॅनलवर वजन पाठवते. ‘नोंद’ हे गोरुटीन मात्र आधी वजन घेते आणि मगच पावतीक्रमांक पाठवते. उद्गारचिन्ह म्हणजे पाठवणे, प्रश्नचिन्ह म्हणजे घेणे आणि मधला बिंदू म्हणजे ‘त्यानंतर’ असे मानले, तर प्रोग्रॅमचा सांगाडा असा होतो:

काटा = पावती? . वजन!
नोंद = वजन? . पावती!

हे दोन भाग मी वेगवेगळ्या फायलींत, आठवडाभराच्या अंतराने लिहिले, त्यामुळे दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील हे माझ्या ध्यानात आले नाही. दोन्ही चॅनलचा टाइप, म्हणजे त्यावरून कोणत्या प्रकारचे मूल्य जाईल याची नोंद, ‘पूर्णांक’ असल्याने कंपायलरने काहीही तक्रार केली नाही. शिवाय दर सेकंदाला वेळ छापणारे तिसरे गोरुटीन चालू होते, म्हणून सगळी गोरुटीन झोपली असल्याचा गोचा नेहमीचा संदेशही आला नाही, आणि संपूर्ण संध्याकाळ मी चूक भलतीकडेच शोधत राहिलो.

आता माझा प्रश्न. चॅनलला टाइप असूनही जर असे होत असेल, तर त्या टाइपची हमी नेमकी कोणती? सेशन टाइप वापरल्यास संवादाचा क्रमही तपासला जातो, असे वाचून मी दोन्ही चॅनलना कागदावर सेशन टाइप देऊन पाहिले. ‘पावती’च्या काट्याकडील टोकाचा टाइप ‘?पूर्णांक, समाप्त’ आणि नोंदीकडील टोकाचा ‘!पूर्णांक, समाप्त’ असा आला. ‘वजन’च्या बाबतीत याच्या बरोबर उलट. म्हणजे दोन्ही जोड्या एकमेकींना तंतोतंत पूरक आहेत, तरी प्रोग्रॅम अडकतोच. माझ्या मांडणीत चूक आहे, की सेशन टाइपविषयीची माझी समजूतच चुकीची आहे?

परभणीकर

मी मूळचा परभणीचा असून सध्या पुण्यात एका कंपनीत सर्व्हरच्या कामावर आहे. सिद्धांताचा माझा अभ्यास थोडा आहे, हे आधीच सांगतो. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा चॅनलला बफर (घेणारा येईपर्यंत निरोप ठेवण्याची जागा) नसल्यामुळे उद्भवतात, कारण बफर नसलेल्या चॅनलवर घेणारा तयार होईपर्यंत पाठवणाराही अडून राहतो. तुम्ही दोन्ही चॅनलना एकेक जागेचा बफर देऊन पाहावा.

आणखी एक सूचना अशी की गोरुटीनला दुतर्फा चॅनल कधीही देऊ नये. फक्त घेण्याचा किंवा फक्त पाठवण्याचा चॅनल द्यावा. ही सोय भाषेतच आहे आणि तिच्यामुळे निदान चुकीच्या दिशेचा वापर कंपायलरच्या हाती सापडतो. सेशन टाइपबद्दल म्हणाल, तर ते वापरल्यावर डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे, होत नाही असेच मीही ऐकले आहे, त्यामुळे तुमच्या मांडणीत कुठेतरी गफलत असावी.

अध्यापिका, लातूर

गोदाकाठ, तुमच्या मांडणीत गफलत नाही. परभणीकरांचा दिशेविषयीचा सल्ला योग्य आहे, परंतु बफरचा उपाय येथे लागू पडणार नाही, कारण तुमची दोन्ही गोरुटीन पाठवण्यावर नव्हे, तर घेण्यावर अडकली आहेत. रिकाम्या बफरमधून घेऊ पाहणाराही तितकाच अडकतो.

चॅनलच्या टाइपचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक टप्प्यावर त्यात एक नवी गोष्ट सांगितली जाऊ लागली, हे दिसते. रॉबिन मिल्नर, जोआकिम पॅरो आणि डेव्हिड वॉकर यांनी पाय-कॅल्क्युलस (चॅनलवरून बोलणाऱ्या प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, यांचे गणिती प्रारूप) 1992 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चॅनलवरून दुसऱ्या चॅनलचे नावच पाठवता येते, आणि मिल्नर यांनी त्यासाठी सुचवलेली टाइपची पहिली पद्धत केवळ ‘या चॅनलवरून काय जाते’ एवढेच सांगत असे. दोन गोष्टी मिळण्याची अपेक्षा ठेवणाऱ्याला एकच मिळणे, अशा प्रकारची चूक त्याने टळते. 1993 मध्ये बेंजामिन पिअर्स आणि दाविदे सांजोर्जी यांनी ‘कोणत्या दिशेने वापरण्याची मुभा आहे’ हेही टाइपमध्ये आणले. परभणीकर गोमधल्या ज्या सोयीबद्दल लिहितात, ती याच कल्पनेच्या जवळची आहे. पुढे 1996 मध्ये नाओकी कोबायाशी, पिअर्स आणि डेव्हिड टर्नर यांनी लिनिअर चॅनल मांडले, ज्यात चॅनलचा वापर पाठवण्यासाठी एकदाच आणि घेण्यासाठी एकदाच होऊ शकतो, म्हणजे ‘किती वेळा’ हेही टाइप सांगू लागला.

तुमच्या प्रोग्रॅममधील दोन्ही चॅनल लिनिअर आहेत, हे आता तपासून पाहा. प्रत्येकावर एकच पाठवणारा आणि एकच घेणारा आहे, आणि तरीही व्यवहार होत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर चालकाला दिल्या जाणाऱ्या टोकनशी याची तुलना करता येईल. दोन स्थानकांमधल्या टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर असते, त्याची नक्कल होत नाही, म्हणून समोरासमोर टक्कर टळते. परंतु दोन्ही स्थानकांच्या सगळ्या लूप लाईनींवर गाड्या उभ्या असल्या आणि प्रत्येकीला समोरच्या स्थानकातली जागा हवी असली, तर टोकन शाबूत असूनही एकही गाडी हलत नाही. लिनिअर टाइपने टक्कर टळते, खोळंबा टळत नाही.

सेशन टाइपची मूळ मांडणी कोहेई होंडा यांनी 1993 मध्ये केली आणि 1998 मध्ये होंडा, वास्को वास्कोन्सेलोस व माकोतो कुबो यांनी ती प्रोग्रॅमिंगच्या भाषेला जोडली. तिची हमी अशी की एका सेशनच्या दोन टोकांवरचे वर्तन परस्परपूरक असेल: एकाने पाठवण्याच्या वेळी दुसरा घेण्याच्या तयारीत असेल, आणि एकाने पर्याय निवडला तर तो पर्याय दुसऱ्याकडे असेलच. ही हमी प्रत्येक सेशनपुरती, स्वतंत्रपणे दिलेली आहे. तुमच्याकडे दोन सेशन आहेत आणि दोष त्या दोघांपैकी कोणत्याही एकात नसून, एकाच प्रोसेसने त्यांना ज्या क्रमाने गुंफले आहे त्या क्रमात आहे. पावतीचा टाइप वजनाबद्दल काही बोलतच नाही, म्हणून त्याला तो क्रम दिसणे शक्य नाही. आपल्याकडे सावड करणाऱ्या दोन शेतकऱ्यांकडे एकेक बैल असतो. प्रत्येकाने ‘आधी माझी पेरणी होऊ द्या, मग माझा बैल घेऊन जा’ असे म्हटले, तर दोघांचेही म्हणणे एकेकटे वाचल्यास रास्तच वाटते, आणि पाऊस मात्र निघून जातो.

आता, हे पकडणारी टाइप सिस्टीम आहे का? आहे. पण त्याआधी एक अडचण लक्षात घ्यावी लागते, जिच्याकडे माझ्या वर्गातही विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात. साध्या फंक्शनल भाषेत टाइप सिस्टीमची हमी सांगणे सोपे असते: प्रोग्रॅम एकतर उत्तर देतो किंवा पुढचे पाऊल टाकतो, मधेच अडत नाही. प्रोसेसच्या जगात ‘अडणे’ हा दोष आहे की नाही, हेच आधी ठरवावे लागते. ग्राहकाची वाट पाहत अहोरात्र उभा असलेला सर्व्हर हाही तांत्रिकदृष्ट्या अडलेलाच असतो, आणि त्याने तसे असावे हीच आपली इच्छा असते. म्हणून कोणती वाट पाहणे हक्काचे आहे आणि कोणत्या ठिकाणी काम करण्याचे बंधन आहे, हा भेद टाइपमध्येच उतरवावा लागतो. कोबायाशी यांच्या 1997 पासूनच्या कामाचा गाभा हाच आहे, आणि माझ्या मते या विषयातील ती सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड आहे. त्यांच्या पद्धतीत चॅनलच्या प्रत्येक वापराला बंधनाची एक पातळी आणि हक्काची एक पातळी असे दोन अंक मिळतात. फार सोपे करून सांगायचे, तर ज्या चॅनलवर आपण वाट पाहतो त्याचा अंक, त्यानंतर ज्या चॅनलवर काम करण्याचे बंधन आपल्यावर आहे त्याच्या अंकापेक्षा लहान असला पाहिजे.

तुमच्या प्रोग्रॅमला हा नियम लावा. काटा पावतीवर थांबून मग वजन पाठवतो, म्हणून पावतीचा अंक वजनापेक्षा लहान हवा. नोंद वजनावर थांबून मग पावती पाठवते, म्हणून वजनाचा अंक पावतीपेक्षा लहान हवा. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या करणारे अंक अस्तित्वात नाहीत, आणि प्रोग्रॅम न चालवताच तो नाकारला जातो.

गोदाकाठ (नांदेड)

मॅडम, आपले मनःपूर्वक आभार. अंकांची युक्ती समजली. तरीही एक शंका उरते. ही पद्धत 1997 पासून उपलब्ध असेल, तर आज वापरात असलेल्या कंपायलरमध्ये ती का दिसत नाही? आणि परभणीकर सर, बफर देऊन पाहिला. आपण म्हणालात तसे झाले नाही.

परभणीकर

चूक मान्य आहे. ‘पाठवणारा अडतो’ हे इतक्या वेळा पाहिले आहे की तुमचा कोड नीट न वाचताच सल्ला दिला. मॅडमचे उत्तर येईपर्यंत कामावरचा एक अनुभव लिहितो. आमच्याकडे आता बराचसा भाग रस्ट भाषेत आहे, आणि तिथे एखादी वस्तू चॅनलवर पाठवली की पाठवणाऱ्याला ती पुन्हा वापरता येत नाही. हा नियम लिनिअर टाइपच्या जवळचा आहे, पण तंतोतंत तोच नाही, कारण रस्टमध्ये वस्तू न वापरता टाकून देण्याची मुभा असते. ‘जास्तीत जास्त एकदा’ एवढीच तिथली अट आहे, ‘एकदा वापरावीच लागेल’ अशी नाही. त्यामुळे संवाद अर्ध्यावर सोडून देणारा कोड कंपायलर स्वीकारतो. एवढे मात्र खरे, की पाठवणारी सर्व टोके टाकून दिली गेली तर घेणाऱ्याला कायमचे ताटकळत न ठेवता त्रुटी कळवली जाते, आणि रोजच्या कामात तेवढ्याने पुष्कळ भागते. गोमध्ये मात्र चॅनल स्पष्टपणे बंद केला नाही, तर घेणारा तसाच बसून राहतो.

संशोधक, छत्रपती संभाजीनगर

या चर्चेत थोडी भर घालतो. अध्यापिकांच्या बहुतांश म्हणण्याशी मी सहमत आहे, एका बाबतीत मात्र नाही.

कंपायलरमध्ये ही तपासणी का नाही, याचे मूळ कारण असे की पाय-कॅल्क्युलसमध्ये कोणतीही गणनक्षम प्रक्रिया लिहिता येते, आणि म्हणून ‘हा प्रोग्रॅम कधीतरी अडकेल का’ याचे अचूक उत्तर प्रत्येक वेळी देणारी यंत्रणा असूच शकत नाही. जी टाइप सिस्टीम एकही वाईट प्रोग्रॅम आत येऊ देत नाही, तिला काही चांगले प्रोग्रॅमही नाकारावे लागतात. त्यामुळे कोणते चांगले प्रोग्रॅम गमावण्याची आपली तयारी आहे, यावर सगळी निवड अवलंबून राहते. अंकांच्या पद्धतीत, स्वतःच्या नव्या प्रती निर्माण करत जाणाऱ्या आवर्ती प्रोसेसना अंक देताना फार ओढाताण होते, कारण प्रत्येक प्रतीच्या नव्या चॅनलला नवा अंक हवा असतो आणि अशा प्रती किती होतील हे आधी ठाऊक नसते.

दुसरा मार्ग तर्कशास्त्रातून आला. जाँ-इव्ह जिरार यांनी 1987 मध्ये लिनिअर लॉजिक (ज्यात गृहीतक साधारणपणे नेमके एकदाच वापरायचे असते असे तर्कशास्त्र) मांडले, आणि लुईस काइरेस व फ्रँक फेनिंग यांनी 2010 मध्ये दाखवले की त्यातील विधाने हेच सेशन टाइप, सिद्धता म्हणजे प्रोसेस, आणि सिद्धता सोपी करत जाणे म्हणजे संवाद, असा थेट मेळ बसतो. 2012 मध्ये फिलिप वॉडलर यांनी त्याची अभिजात तर्कशास्त्राला अनुसरणारी मांडणी केली. या पद्धतीत दोन प्रोसेस जोडण्याचा एकच नियम आहे, आणि त्यानुसार त्या दोघींमध्ये नेमका एकच चॅनल सामाईक असू शकतो. त्यामुळे प्रोसेसचे जाळे नेहमी झाडासारखे राहते, त्यात चक्र तयारच होत नाही, आणि चक्र नसल्यास परस्परांची वाट पाहणेही संभवत नाही. अंक नकोत, वेगळी तपासणीही नको.

गोदाकाठ यांच्या प्रोग्रॅमला ही पद्धत अगदी पहिल्या पायरीवरच नाकारते, कारण काटा आणि नोंद यांच्यात दोन चॅनल सामाईक आहेत. परंतु ‘नोंद’ दुरुस्त करून ‘पावती! . वजन?’ असे केले, म्हणजे प्रोग्रॅम पूर्णपणे निर्दोष झाला, तरीही ती नाकारते. अंकांची पद्धत मात्र पावतीला 1 आणि वजनाला 2 देऊन हा दुरुस्त प्रोग्रॅम स्वीकारते. इतके असूनही मी झाडाच्या बाजूचा आहे, आणि माझा मतभेद येथेच आहे. दोन चॅनल वापरण्याची येथे गरजच काय होती? काट्याकडून पाहिल्यास ‘?पूर्णांक, !पूर्णांक, समाप्त’ असा एकच सेशन पुरेसा आहे. नोंदीचा पूरक टाइप मग ‘!पूर्णांक, ?पूर्णांक, समाप्त’ असाच असावा लागतो, आणि मूळची चूक साध्या पूरकतेच्या तपासणीतच उघडी पडते. जी पद्धत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अशा मांडणीकडे ढकलते, तिने काही निर्दोष प्रोग्रॅम गमावले तरी मला चालतात.

अध्यापिका, लातूर

एका सेशनचा सल्ला अगदी बरोबर आहे आणि गोदाकाठ यांनी तोच अमलात आणावा. परंतु झाडाची अट सर्वत्र परवडते, असे मला वाटत नाही. ज्या मोंढ्याची नक्कल तुम्ही करत आहात, तिथे शेतकरी, आडत्या आणि खरेदीदार या तिघांचा परस्परांशी संबंध येतो, आणि तो त्रिकोण आहे, झाड नाही. त्याला बळेच झाड करायचे झाल्यास प्रत्येक निरोप आडत्यामार्फतच फिरवावा लागेल. (आडत्यांना ते आवडेलही!) अशा संवादासाठी होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी 2008 मध्ये बहुपक्षीय सेशन टाइप मांडले. त्यात आधी सर्वांचा मिळून एक समग्र टाइप लिहिला जातो आणि त्यावरून प्रत्येक पक्षाचा स्थानिक टाइप काढला जातो. त्यातही, एकच सेशन असेपर्यंत प्रगतीची हमी सरळ मिळते. अनेक सेशन गुंफले की पुन्हा वेगळी अट लागते.

उरला प्रश्न तुमच्या गो प्रोग्रॅमचा. योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशी पद्धत प्रसिद्ध केली आहे, जी गोच्या मूळ कोडमधून प्रत्येक गोरुटीनच्या संवादाचा सांगाडा टाइप म्हणून काढते आणि तो सांगाडा अडकतो का, हे तपासते. टाइप हीच एक लहान प्रोसेस मानावी, ही कल्पना अत्सुशी इगाराशी आणि कोबायाशी यांनी 2001 मध्ये मांडली होती, तिच्याच कुळातले हे काम आहे. सांगाडा काढताना जर-तरच्या अटींमधील प्रत्यक्ष मूल्ये गळून जातात, म्हणून कधीकधी जी वाट प्रत्यक्षात कधीच घेतली जाणार नाही, तिच्यावरचाही डेडलॉक दाखवला जातो. तुमची चूक मात्र अटींवर अवलंबून नाही. ती अशा तपासणीत पहिल्याच फेरीत सापडली असती.

गोदाकाठ (नांदेड)

काटा आणि नोंद यांचा मी एकच सेशन केला असून प्रोग्रॅम आता चालतो. मॅडमच्या उत्तरावरून उत्साह येऊन मी मोंढ्याच्या सौद्याचा समग्र टाइपही लिहून पाहिला:

शेतकरी → आडत्या : माल
खरेदीदार → आडत्या : भाव
आडत्या → शेतकरी : भाव
शेतकरी → आडत्या : मान्य, किंवा अमान्य
मान्य असल्यास: आडत्या → खरेदीदार : वजन, आडत्या → शेतकरी : पट्टी, समाप्त
अमान्य असल्यास: समाप्त

शेतकरी आणि आडत्या यांचे स्थानिक टाइप सहज निघाले. खरेदीदाराचा काढताना मात्र अडलो: एका फांदीत तो ‘?वजन, समाप्त’ असा येतो आणि दुसऱ्या फांदीत नुसता ‘समाप्त’. या दोहोंपैकी कोणता लिहावा? अमान्य झाल्यावर खरेदीदाराला काहीच करायचे नसते, म्हणून त्याला निरोप देण्याची गरज मला वाटली नव्हती.

अध्यापिका, लातूर

दोहोंपैकी कोणताही लिहिता येणार नाही, आणि तुमचा समग्र टाइप याच कारणाने बाद ठरतो. 2008 च्या मूळ मांडणीत, निवडीत सहभागी नसलेल्या पक्षाचे वर्तन दोन्ही फांद्यांत सारखेच असावे लागते. नंतरच्या मांडण्यांनी ही अट सैल केली, पण तिथेही त्या पक्षाला आपण कोणत्या फांदीत आहोत हे एखाद्या निरोपावरून ओळखता आले पाहिजे. ‘काहीच न करणे’ हेही एक वर्तन आहे, आणि ते केव्हा करायचे हे खरेदीदाराला कोणीतरी सांगावेच लागते. न सांगितल्यास भाव नाकारला गेल्यावरही तो वजनाची वाट पाहत उभा राहील. अमान्य फांदीत ‘आडत्या → खरेदीदार : रद्द’ अशी एक ओळ वाढवा. खरेदीदाराचा स्थानिक टाइप मग ‘!भाव, आणि त्यानंतर ?वजन किंवा ?रद्द यांपैकी जे येईल ते’ असा एकच निघेल.

संशोधक, छत्रपती संभाजीनगर

त्रिकोणाचा मुद्दा मान्य. गोदाकाठ, हा टाइप गोमध्ये उतरवताना ‘वजन’ आणि ‘रद्द’ यांच्यासाठी दोन वेगळे चॅनल करून त्यांवर सिलेक्ट (अनेक चॅनलपैकी जो तयार असेल त्यावरचा निरोप घेणारी गोची रचना) लावण्याचा मोह होईल. तसे न करता आडत्या ते खरेदीदार असा एकच चॅनल ठेवून त्यावरून दोन प्रकारचे निरोप जाऊ द्या, म्हणजे तुमचा कोड आणि कागदावरचा टाइप ओळीला ओळ जुळवून पाहता येईल.